बस जरा झाफरानाला थांबवा हो! मराठी टूरवाल्यांना खुलं पत्र

इजिप्तला मराठी माणसं नेणाऱ्या तमाम टूर कंपन्या, आणि खास करून बसमध्ये पुढच्या सीटवर माईक घेऊन बसणारे टूर मॅनेजर, यांना स.न.वि.वि.

मी तुमचं गिऱ्हाईक. गेल्या नोव्हेंबरात सौ.ला घेऊन तुमच्यापैकीच एका कंपनीबरोबर (नाव लिहीत नाही, माणसं चांगली होती) इजिप्त करून आलो. नऊ दिवस आठ रात्री, पिरॅमिड, अस्वान, नाईलची क्रूझ, लक्झर, मग हुर्घाडाचा समुद्र आणि तिथून बसने झाफरानावरून परत कैरो. आधीच सांगून टाकतो, जेवणाबद्दल तक्रार नाही. क्रूझवर चौथ्या दिवशी पिठलं-भात निघाला तेव्हा आमच्या टेबलावरच्या एका काकूंच्या डोळ्यात खरंच पाणी आलं. रूम चांगल्या, एसी गार, टिप आधीच घेतलेली त्यामुळे ती कटकट नाही. तक्रार वेगळीच आहे आणि ती ऐकायला तुम्हाला थोडा वेळ काढावा लागेल, कारण मी बांधकाम खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस आहे, थोडक्यात लिहायची सवय नाही.

तर कैरोत आम्हाला पपायरसच्या, म्हणजे जुन्या इजिप्तमधल्या वनस्पतीच्या कागदाच्या, दुकानात नेलं. दोन तास. एक पोरगा आला, त्याने त्या वनस्पतीचा दांडा सोलून पट्ट्या काढल्या, लाकडी हातोडीने ठोकल्या, आडव्या-उभ्या ठेवल्या, आणि म्हणाला बाहेर रस्त्यावर केळीच्या पानाचा नकली विकतात, आमचा असली. मग सौ.ने स्वतःचं नाव चित्रलिपीत लिहून घेतलेला एक विकत घेतला, त्याचे किती पैसे दिले हे मी इथे लिहीत नाही कारण ती हे वाचणार आहे. चला, ठीक, टूरमध्ये हे चालायचंच, तुमचंही काहीतरी कमिशन असेल. पण मला एकच विचारायचंय, त्या दोन तासांत, जगातला आजवर सापडलेला सगळ्यात जुना लिहिलेला पपायरस कुठे मिळाला हे त्या पोराने, गाईडने, तुमच्या मॅनेजरने, कुणी म्हणजे कुणीच का नाही सांगितलं? आणि बरं, तो जिथे मिळाला तिथून आपली बस गेली हो! हुर्घाडा ते कैरो, साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, एका बाजूला सुएझचं आखात आणि दुसऱ्या बाजूला वाळवंट, आणि आपण पडदे ओढून आत हिंदी सिनेमा बघतोय! मी स्वतः बघत होतो, खोटं कशाला बोलू, अर्धा झोपेत.

मला हे सगळं कळलं ते टूर संपल्यावर. माझी लेक आणि जावई तिकडेच असतात, ऐन सुखनाला, जावयांची नोकरी तिथल्या बंदराकडच्या एका प्रोजेक्टवर. तुम्ही सगळ्यांना एअरपोर्टवर सोडलंत आणि आम्ही दोघं सहा दिवस मागे राहिलो. त्या सहा दिवसांत जे बघितलं त्यावर हे पत्र.

आधी नावाचंच सांगतो. अरबीत ऐन म्हणजे झरा (आणि डोळासुद्धा), आणि सुखना म्हणजे गरम. मी जावयांना म्हटलं अहो हे तर आमचं उन्हवरे झालं! मी मूळचा दापोलीकडचा. आमच्याकडे गरम पाण्याला ऊन पाणी म्हणतात, त्यावरून उन्हवरे, पालीजवळचं उन्हेरे पण तेच. म्हणजे आपल्या कुणीतरी शहाण्याने आणि तिकडच्या कुणीतरी शहाण्याने, एकमेकांचं तोंडही न बघता, गावाला एकच नाव ठेवलं. नाव ठेवायला डोकं लागत नाही म्हणा, पाय भाजला की नाव सुचतं.

कैरोपासून ऐन सुखना सव्वाशे किलोमीटरच्या आत. गलालाचा डोंगर तिथे थेट समुद्रापाशी उतरतो, झाड नाही, गवत नाही, नुसता पिवळट दगड, आणि त्याच्या पायथ्याशी हा गंधकाचा झरा. आता रिसॉर्टांची रांग लागलीय, कैरोचे लोक वीकेंडला पोहायला येतात, जसे आपले अलिबागला. पण त्या रिसॉर्टांपासून हाकेच्या अंतरावर डोंगराच्या पायथ्याला खोदलेल्या लांबट गुहा आहेत, साधारण दहा. १९९९ पासून तिथे इजिप्तच्या आणि मग फ्रेंच पुराणवस्तूवाल्यांनी खोदकाम केलं, तेव्हा आत काय मिळालं माहितीये? जळालेल्या होड्या. सीडरच्या लाकडाच्या फळ्या, नीट रचून ठेवलेल्या आणि कधीतरी कुणीतरी आग लावलेल्या. वाळवंटात, डोंगराच्या पोटात, होड्या.

मला हे ऐकल्याबरोबर कळलं, जावयांना समजावून सांगावं लागलं. ते नागपूरचे, त्यांचा काय दोष. आमच्याकडे पावसाळा लागला की होड्या वर ओढतात, वर झावळ्या घालून शाकारतात, आणि नारळी पौर्णिमेला परत पाण्यात. हे लोक तेच करायचे, फक्त झावळ्यांच्या ऐवजी डोंगर पोखरलेला. होडी नाईलकाठी बांधायची, सुटी करायची, फळ्या खांद्यावर आणि गाढवांवर टाकून वाळवंट ओलांडून समुद्रावर आणायच्या, दोऱ्यांनी परत जोडायच्या, पलीकडे सिनाईला जाऊन तांबं आणि पिरोजा आणायचा, परत आलं की होडी सुटी करून गुहेत ठेवायची, तोंडाला दगड लावायचे, घरी जायचं. पुढच्या खेपेला परत उघडायची. डोंगराच्या कातळावर मेंटुहोटेप चौथ्याच्या पहिल्या वर्षातला लेख आहे, राजाची तीन हजार माणसं पिरोजा आणि तांबं न्यायला आली होती म्हणून. तीन हजार! त्या ओसाड जागी तीन हजार माणसांच्या जेवणाचं काय केलं असेल हा विचार मी जेवढा केला तेवढा तुम्ही पिठलं-भाताचाही केला नसेल. जवळच तांबं गाळायच्या भट्ट्यांचे अवशेषही मिळालेत.

पण हे तर ट्रेलर झालं. खरी जागा पुढे आहे.

ऐन सुखनाहून दक्षिणेला निघालात की तासाभरात झाफराना लागतं. पवनचक्क्यांनी भरलेलं, शेकडो, सौ. म्हणाली चाळकेवाडी आली. वारा असा की गाडीचं दार उघडलं की परत बंद करायला दोन हात लागतात. झाफरानापासून आणखी चोवीस किलोमीटर खाली गेलं की वादी अल-जर्फ. वादी म्हणजे कोरड्या नदीचं पात्र. गाव नाही, हॉटेल नाही, चहाची टपरी नाही. जावयांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि म्हणाले, बाबा, हे. मी म्हटलं काय हे? काही नाहीच. मग त्यांनी दुर्बीण दिली. भरती-ओहोटीचा टाइम त्यांनी मोबाईलवर आधीच बघून ठेवलेला होता, इंजिनिअर माणूस. पाणी उतरलेलं. आणि मग दिसली, किनाऱ्यापासून पाण्यात शिरलेली एक काळपट रेघ. सरळ. समुद्रात निसर्ग सरळ रेघ मारत नाही, चौतीस वर्षांत एवढं तर कळलंय.

तो धक्का आहे. दगडांचा. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा, ज्याचा गिझाचा मोठा पिरॅमिड त्या खुफू राजाच्या काळातला. आजवर सापडलेल्या बांधीव बंदरांत हे सगळ्यात जुनं धरतात, आपल्या लोथलच्या थोडं आधीचं. किनाऱ्यापासून आधी पूर्वेला दीडशे मीटरच्या वर जातो आणि मग आग्नेयेला वळतो, इंग्रजी एल अक्षर उलटं पाडल्यासारखा. आता हे वळण का, हे तुमच्या माईकवरून सांगितलं तर बसमधला प्रत्येक माणूस पडदा बाजूला करेल बघा. तिथे वारा कायम उत्तरेकडून. त्या पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केलेल्या. उत्तरेची लाट या भिंतीवर आपटते आणि भिंतीच्या दक्षिणेला पाणी शांत, होड्या तिथे उभ्या. आणि त्या शांत बाजूलाच पाण्याखाली वीसहून जास्त दगडी नांगर तसेच पडलेले मिळाले. मी नोकरीत दोन छोट्या जेट्या बांधल्यात. एकीची दिशा वरून नकाशात ठरवून आली होती, स्थानिक कोळ्यांना न विचारता, आणि तिथे पहिल्याच पावसात काय झालं ते जाऊ द्या. खुफूच्या माणसांनी वारा बघून बांधलं.

बांधणी काय विचाराल तर सिमेंट नाही, चुना नाही, दगडावर दगड आणि मध्ये चिकणमाती. आमच्या कोकणातला गडगा बघितलाय ना, आंब्याच्या बागेभोवती नुसते दगड रचून केलेली भिंत, तोच प्रकार, फक्त हा गडगा समुद्रात घातलाय. विजयदुर्गाच्या समोर पाण्याखाली भिंत आहे आणि तिच्यावर शत्रूची जहाजं आपटायची अशी गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलीय, अंगावर काटा यायचा. मग ही का नाही सांगत?

एक खुलासा करतो, नाहीतर कुणीतरी उठून मला म्हणेल काका तुम्ही आत घुसलात का. नाही. पुराणवस्तूंची जागा आहे, परवानगीशिवाय आत पाय टाकायचा नाही, टाकला नाही. जे बघितलं ते रस्त्यावरून दुर्बिणीतून. बाकीचं लेकीने रात्री लॅपटॉपवर नकाशे आणि फोटो काढून दाखवलं. तुम्हालाही मी आत न्या म्हणत नाहीये.

किनाऱ्यापासून दोनेकशे मीटरवर दोन इमारतींच्या पायाच्या भिंती मिळाल्या आणि त्यांच्यामध्ये साधारण शंभर दगडी नांगर, एका ठिकाणी ठेवलेले, स्टोअररूममध्ये ठेवतात तसे, काहींवर लाल शाईत खुणा. आणि तिथून पाच-सहा किलोमीटर आत, डोंगराच्या पायथ्याशी, परत गुहा. तीसच्या आसपास. एकेक सरासरी वीस मीटर लांब, तीन मीटर रुंद. तोंडाला चुनखडीचे मोठमोठे दगड सरकवून बंद केलेल्या. विल्किन्सन नावाचा इंग्रज १८२३ मध्ये तिथे जाऊन आला, त्याला वाटलं ही थडगी आहेत. १९५० च्या दशकात सुएझ कालव्यातून जहाजं काढून देणारे दोन फ्रेंच पायलट, बिसे आणि शाबो-मोरिसो, सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन भिंती मोजायचे, नोंदी करायचे. निव्वळ हौस! आपले ट्रेकवाले रविवारी गडावर जाऊन टाकी साफ करतात तसले लोक. १९५६ ला सुएझचं भांडण झालं आणि त्यांचं काम तिथेच थांबलं. मग पन्नासएक वर्षांनी पिएर ताले या फ्रेंच पुराणवस्तूवाल्याने त्यांचे जुने कागद आणि आकाशातून काढलेले फोटो जुळवून जागा परत शोधली, २०११ ला खोदायला सुरुवात केली आणि २०१३ ला गुहांच्या तोंडाशी, दगडांच्या फटीत, कागदांचे तुकडे मिळाले. शेकडो तुकडे. तो हा पपायरस.

आणि त्यावर काय लिहिलंय, मंत्र? राजाची स्तुती? नाही हो, हजेरीपट!

मी इथे जरा थांबणार आहे कारण मला थांबल्याशिवाय राहवत नाही. मेरर नावाचा एक मुकादम होता. त्याच्या हाताखाली साधारण चाळीस माणसांची टोळी आणि एक बोट. त्या टोळीचं नाव बोटीवरून, खुफूचा फणा काढलेला नाग हीच जिची नाळ (म्हणजे होडीचं पुढचं टोक), अशा अर्थाचं, आपल्या गोविंदा पथकांनी लाजावं असं. हा मेरर रोजची नोंद ठेवायचा. आज तुऱ्याच्या खाणीत दगड भरले, मुक्काम तुऱ्यालाच. आज भरलेली बोट घेऊन निघालो. आज पिरॅमिडपाशी पोचलो. आज रिकामे परत. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. तुरा म्हणजे नाईलच्या पलीकडची चुनखडीची खाण, पिरॅमिडला बाहेरून जो पांढरा दगड लावला होता तो तिथला. आणि काम कुणाच्या देखरेखीखाली, तर अंखहाफ, खुफूचा सावत्र भाऊ, त्याचंही नाव त्यात आहे. म्हणजे साहेब कोण, कुठे भेटले, सगळं.

दुसऱ्या तुकड्यांवर रेशनचा हिशेब. रकाने आखलेले. किती यायचं होतं, किती आलं, किती बाकी. मी चौतीस वर्षं हेच केलं! सिमेंटच्या गोणी किती मागवल्या, किती आल्या, किती येणे बाकी. तोच रकाना. लेक लॅपटॉपवर झूम करून दाखवत होती आणि मी म्हटलं थांब, ती उभी रेघ बघू दे. कुणीतरी पट्टी लावून मारलेली असावी अशी सरळ. रेघेच्या एका बाजूला काळी शाई, एका बाजूला लाल. लाल शाई आमच्या ऑफिसात फक्त ऑडिटवाले वापरायचे. सौ. म्हणाली तुम्ही ताजमहाल बघितलात तेव्हासुद्धा एवढे भावुक नव्हता झालात. खरंय, नव्हतो. तिथे बांधणाऱ्यांपैकी कुणी माझ्याशी बोललं नव्हतं.

पिरॅमिडपाशी तुमचा गाईड आम्हाला काय सांगत होता आठवा. परग्रहावरचे लोक आले होते अशी एक थिअरी आहे, हाहाहा. तेवीस लाख दगड. गुलाम. फोटो काढा, उंटवाल्याला पैसे देऊ नका. अहो, ज्या माणसाने त्या दगडांपैकी काही स्वतः बोटीतून आणले त्याची डायरी आहे! ती टोळी दगडाचं काम उरकून पुढे या समुद्रावर आली, आणि काम संपल्यावर गुहा बंद करताना आपले कागद तिथेच सोडून गेली. २०१६ मध्ये कैरोत तहरीर चौकातल्या म्युझियममध्ये ते लोकांसमोर मांडले. म्युझियमला तर तुम्ही नेताच. तुतनखामेनचा मुखवटा (तो आता गिझाच्या नव्या म्युझियममध्ये) दाखवा, अवश्य दाखवा, पण गाईडला नुसतं म्हणा मेररची डायरी कुठे आहे, बघा तो कसा चमकतो.

ही टोळी समुद्रावर कशाला आली हा प्रश्न तुमच्या डोक्यात आला असेल तर उत्तर परत तेच, तांबं. पिरॅमिडचे दगड कापायला छिन्न्या तांब्याच्या, लोखंड नव्हतं. तांबं सिनाईत, पलीकडच्या किनाऱ्याला, पन्नासएक किलोमीटर पाणी ओलांडून. म्हणजे हा ओसाड किनारा नसता तर छिन्नी नाही, छिन्नी नाही तर पिरॅमिड नाही, आणि पिरॅमिड नाही तर तुमची नऊ दिवस आठ रात्री नाही.

पलीकडे पण गेलो. चौथ्या दिवशी पहाटे निघून सुएझला बोगद्यातून कालव्याखालून सिनाईत, चेकपोस्टवर पासपोर्ट, परत चेकपोस्ट, परत पासपोर्ट, आणि मग दक्षिणेला आखाताच्या कडेने. तिथे हम्माम फरऊन. म्हणजे फरऊनचं, इजिप्तच्या राजाचं, न्हाणीघर. समुद्राला लागून उभा डोंगर, आणि त्याच्या पायथ्याशी वाळूतून गरम पाणी निघून दहा-वीस पावलांवर समुद्रात जातंय. सत्तर डिग्रीच्या आसपास, आमच्या उन्हवऱ्याचं जवळपास तेवढंच. वास तोच हो! सडक्या अंड्याचा. सौ.ला माहेरची आठवण आली, ती खेडची. पाणी जिथून निघतं तिथे दगडांवर पिवळा-पांढरा थर चढलेला, कडेने हिरवं शेवाळ, आणि जिथे गरम पाणी समुद्राला भेटतं तिथे लाट आली की चर्र झाल्यासारखी वाफ. लेकीने सांगितलं होतं हात घालू नकोस, सौ.ने घातला, आणि मग पुढचा अर्धा तास ती बोट तोंडात धरून बसली. एक बेदुइन आजोबा होते, ते काही न बोलता वाळूत हाताने खड्डा करत होते, समुद्राच्या बाजूने एक चर काढला, थंड पाणी आत घेतलं, बोटाने तपासलं, चर बुजवला, आणि मग पाय सोडून बसले. दोन मिनिटांनी मला खुणेने बोलावलं, गुडघ्यावर हात मारून दाखवला, म्हणजे तुझेही दुखतात ना. दुखतात. बसलो. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती आणि गरजही नव्हती, वीस मिनिटं दोन म्हातारे खड्ड्यात पाय सोडून.

वर डोंगरात गुहा आहे, तिच्यातून गरम हवा येते. मी चार पावलं आत गेलो, चष्मा पांढरा झाला, परत आलो. लोक सांगतात की मुसाचा (बायबलातल्या मोझेसचा) पाठलाग करताना जो फरऊन बुडाला तो इथेच, आणि त्याच्या तळमळीनेच हे पाणी तापतं. आपल्याकडे कुंड म्हटलं की रामाने बाण मारला किंवा सीता न्हायली, तशातलंच. खरं कारण जावयांनी सांगितलं तेही काही कमी नाही. सुएझचं आखात म्हणजे जमिनीला पडलेली भेग, आफ्रिका एकीकडे आणि सिनाई दुसरीकडे सरकताना मधला भाग खचला. पाणी त्या भेगांमधून खोल जातं, खाली तापतं, दुसऱ्या भेगेने वर येतं. ज्वालामुखी लागत नाही. आपल्या कोकणातली गरम पाण्याची कुंडंसुद्धा अशीच भेगांच्या रांगेवर आहेत, गणेशपुरीपासून राजापूरपर्यंत.

तिथून आणखी दक्षिणेला, वादी अल-जर्फच्या बरोबर समोरच्या बाजूला, किनाऱ्यावर एक गोल दगडी किल्ला मिळालाय, चव्वेचाळीस मीटर व्यासाचा, भिंती सात मीटर जाड. मम्फर्ड नावाच्या कॅनडातल्या अभ्यासकाने २००२ पासून खोदला. पलीकडून होड्या यायच्या त्या इथे लागायच्या, जनता कुठली येतेय बघायला पहारा. तिथपर्यंत आमचं जाणं झालं नाही, उजेड संपला. ती रुखरुख आहे.

आता तुम्ही म्हणाल काका, लोकांना दगडधोंडे नको असतात, लोकांना शॉपिंग हवं असतं. अहो कुणी सांगितलं? सातारा-पुण्याची पोरं दर रविवारी दगडधोंडेच बघायला चढतात ना? गडावर बुरुज अर्धा पडलेला असतो, पाटी नसते, तरी माणसं तास तास ऐकतात कारण सांगणारा चांगला असतो. तुमचे मॅनेजर सांगणारेच आहेत की, अंताक्षरी काय रंगवतात. त्यांच्या हातात मजकूर द्या.

आणि मराठी कनेक्शन पाहिजे असेल, कारण तुमच्या जाहिरातीत आपली माणसं आपली माणसं फार असतं, तर तेही देतो. याच तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर, पण खूप खाली दक्षिणेला, बेरेनिके म्हणून बंदर होतं. हे पिरॅमिडनंतर दोन-अडीच हजार वर्षांनी, रोमन लोकांच्या वेळचं, त्यामुळे घोळ करू नका. तिथल्या खोदकामात मिळालेल्या सातवाहनांच्या दोन नाण्यांची बातमी २०२३ ला आली. सातवाहन म्हणजे पैठण, म्हणजे नाणेघाट! त्याच बातमीत बुद्धाची मूर्ती आणि संस्कृत लेखही होता. आणि एका मंदिरात भारतीय माठ मिळाला होता, त्यात साडेसात किलोच्या वर काळी मिरी. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या वाटा सांगणाऱ्या पुस्तकात कल्याण, सोपारा, चौल ही नावं सरळ आहेत. म्हणजे आमच्या डोंबिवलीच्या शेजारून माल निघायचा तो या वाळवंटाच्या किनाऱ्याला उतरायचा, तिथून उंटांवर नाईलपर्यंत. आपली माणसं दोन हजार वर्षं आधीच जाऊन आलीत, तेही पॅकेजशिवाय.

तर मागणं काय, ते आता लिहितो, फार नाही.

हुर्घाडा-कैरो बस दुपारी नाही, सकाळी सोडा म्हणजे उजेड असेल. वादी अल-जर्फपाशी वीस मिनिटं रस्त्याच्या कडेला, सुरक्षित जागा बघून. ओहोटी असली तर उत्तम, नसली तर नुसती दिशा दाखवा आणि मेररची गोष्ट सांगा. झाफरानाला चहा. तिथून आत वाळवंटात संत अँथनीचा मठ आहे, चौथ्या शतकापासूनचा, तो लोकांना बघता येतो, तिथे न्या. त्याची उंच तटबंदी बघण्यासारखी आहे. जुन्या काळी दरवाजाच नव्हता म्हणे, माणूस आला की वरून दोरी सोडून कप्पीने टोपलीत बसवून ओढून घ्यायचे, ती कप्पी अजून दाखवतात. आणि त्या कोरड्या डोंगरातून मठाला बारमाही झरा. साधूबुवा हसतमुख होते, सौ.ला खजूर दिले. परत येताना ऐन सुखनाला जेवण. एवढं सगळं त्याच रस्त्यावर आहे, मठापुरतं थोडं आत जावं लागतं. वेळ हवा असेल तर अत्तराच्या दुकानातला एक तास काढा. तिथे आमच्या ग्रुपमधल्या तिघांना शिंका सुटल्या होत्या, तेवढेच लोक कमी शिंकतील.

सिनाईचं मी आग्रहाने म्हणत नाही, चेकपोस्ट आणि परवानग्यांची भानगड मोठ्या बसला जड जाईल. पण दहा जणांची छोटी गाडी जमत असेल तर ऑप्शनल म्हणून ठेवा, गुडघेदुखीवाले सगळे नाव देतील. मी पहिला. आणि जाल तेव्हा रबरी चपला आणायला सांगा, साध्या स्लिपरचा सोल त्या वाळूत मऊ पडतो, माझा पडला.

कुणी या रस्त्याने टूर काढणार असाल तर मजकूर लिहून द्यायला मी तयार आहे, फुकट. फक्त माझ्या मजकुरात परग्रहवासी घालायचे नाहीत.

आपला,
एक निवृत्त ओव्हरसिअर, दापोली तालुका

ता.क. सौ.ने पत्र वाचलं. म्हणते पपायरसच्या किमतीचा उल्लेख काढा. उल्लेख केलेलाच नाही, हे तिला दोनदा दाखवलं. आणि म्हणते हम्मामच्या पाण्यात बुडवलेला तो टॉवेल तीनदा धुतला तरी बॅगेला अजून वास येतोय, त्याचंही लिहा.